प्रकल्पग्रस्तांवर आणखी एक प्रकल्प

संस्कृतीसाठी आपल्या महाविद्यालयांनी वर्षातला एक दिवस राखून ठेवलाय. त्याला ट्रॅडिशनल डे म्हणतात. पाटण्याचा पोरगा भाड्याचा फेटा बांधतो, कोट्टायमची पोरगी नऊवारी नेसते, साताऱ्याचा गडी लुंगी लावून रील काढतो. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जीन्समध्ये.

यंदा मात्र एका महाविद्यालयाने मनावर घेतलं आणि ‘बहुसांस्कृतिक ओळख’ असा वीस गुणांचा प्रकल्पच दिला. पोरं फॉर्म घेऊन नवी मुंबईतल्या बोनकोडे गावठाणात उतरली. गावाला त्याचं नवल नाही. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, तेव्हापासून गाव प्रकल्पग्रस्तच आहे. त्यात आणखी एक.

पहिल्याच घरी घरमालकिणीचा नातू भेटला, इंजिनिअरिंगला. फॉर्मवर पहिला प्रश्न : मातृभाषा. आजीशी आगरी, शाळेत मराठी, भाडेकरूंशी हिंदी, मुलाखतीत इंग्रजी. खाली सूचना : एकच पर्याय निवडा. पुढचा प्रश्न, मूळ गाव? ‘बोनकोडे.’ ‘तसं नाही रे, मूळचे कुठले?’ नवी मुंबईत कुणी मूळचा इथलाच असू शकतो, याची सोय फॉर्ममध्ये नव्हती.

आजीने १९८४ सालच्या जानेवारीतलं सांगितलं : जमिनींसाठीचं दि. बा. पाटलांचं आंदोलन, जासईकडचा गोळीबार, पाच जण गेले. फॉर्म भरणाऱ्या पोरीने मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘हे सण-उत्सवात टाकू?’

वरच्या मजल्यांवर, भाडेकरूंकडे, कुणी गेलंच नाही. गरजेपोटी बांधलेलं घर. प्रत्येक मजल्यावर वेगळं राज्य, सकाळी बाथरूमला मात्र रांग एकच. सेक्टरातल्या सोसायट्यांनी ‘फक्त फॅमिली, फक्त व्हेज’ म्हणून परत पाठवलेली ही भाडेकरू पोरं. आजीचा प्रश्न एवढाच : ‘भारा टायमावर देशील ना रं?’ मणिपूरच्या पोरीने आंबवलेल्या माशाची चटणी केली, तेव्हा सोसायटीत असती तर तातडीची सभा लागली असती. आजी वास काढत जिना चढली, वाटीभर घेऊन उतरली आणि दुसऱ्या दिवशी वाटी सुक्या जवळ्याने भरून वर गेली. सुकटाच्या वासाने पहिल्या आठवड्यात खिडकी लावून घेणारा कानपूरचा पोरगा आता गल्लीतल्या प्रत्येक हळदीत डीजेसमोर पहिल्या रांगेत असतो. नवरा कोण, हे त्याला माहीत नसतं.

यातलं काहीही अहवालात नाही, कारण कुणीही पोशाखात नव्हतं. निष्कर्ष असा : ‘स्थानिकांमध्ये सांस्कृतिक विविधतेबाबत जागृतीचा अभाव दिसून आला. कार्यशाळेची शिफारस.’ अठरा गुण मिळाले.

कार्यशाळा पुढच्या महिन्यात आहे. ग्रामस्थांना आग्रहाचं निमंत्रण असून दुपारच्या जेवणाची सोय केलेली आहे. फक्त व्हेज.