अडवणाऱ्याचं नाव लिहा

बेंगळुरूची पिवळी मेट्रो १० ऑगस्ट २०२५ ला बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचली. तिथल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) रुग्णालयाची पायाभरणी त्याच्या आदल्या वर्षीच, २९ ऑक्टोबर २०२४ ला झाली होती. मेट्रोतून कामगार वेळेवर कामावर जाईल, हे चांगलंच झालं. पण यंत्रात हात सापडला तर? डॉ. देवी शेट्टींचं, जगभर नावाजलेलं नारायण हृदयालय याच बोम्मसंद्र्यात आहे. तरीही नवं रुग्णालय उभं राहीपर्यंत ईएसआयच्या कामगाराचा रस्ता इंदिरानगर नाहीतर राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयाकडे जातो. आणि त्या रस्त्यावर गर्दीपेक्षा कागद जास्त आडवे येतात.

ठेकेदाराने नाव नोंदवलं नव्हतं. वर्गणी भरली नव्हती. अपघाताचा अहवाल पाठवला नाही. मंजुरीची फाईल वर गेली आहे. चाकण-भोसरीच्या वाचकांनाही ही वाक्यं पाठ असतील. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत 'सेफ इन इंडिया' ही संस्था काम करते. तिच्या अहवालांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते: अनेकांच्या हातात ईएसआयचं कार्ड पडलं ते बोटं गेल्यानंतर. कार्ड एका दिवसात निघू शकत होतं, तर ते आधी का निघालं नाही?

या योजनेच्या मुळाशी एक देवघेव आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात कामगाराने काय सोडलं, हे फार कमी लोक बोलतात. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या ५३ व्या कलमाने त्याचा मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागण्याचा हक्क काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे कामगाराने दाव्याचा हक्क दिला आणि उपचाराचा हक्क घेतला. उपचारच अडवले, तर त्याच्या हाती उरतं काय?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००५ मध्ये नेमका हाच प्रश्न आला. फोर्कलिफ्टच्या अपघातात एक कामगार चेंगरला. त्याचा आरोप असा होता की त्याच्या मूत्राशयाला भोक पडलंय, जिवाला धोका आहे, हे कळल्यावरही विमा कंपनीने औषधं आणि शस्त्रक्रिया रोखून धरली. कंपनी म्हणाली, कायद्याने आम्हाला दाव्यापासून संरक्षण आहे. न्यायालयाने सांगितलं की साध्या दिरंगाईला ते संरक्षण आहे, जाणूनबुजून माणसाला इजा पोचवण्याला नाही. त्या कामगाराला दावा चालवण्याची वाट मोकळी झाली.

ही रेषा आपल्याकडेही आखायला हवी. फाईल हरवली, डॉक्टर रजेवर होता, ही दिरंगाई झाली; तिच्यावर दंड ठेवा. पण जखम चिघळते आहे हे माहीत आहे, शस्त्रक्रिया करा असं डॉक्टरने लिहून दिलं आहे, आणि तरीही कोणीतरी सही रोखून धरतो, तेव्हा तो कारभारातला ढिसाळपणा राहत नाही. तो अत्याचार आहे आणि न्यायालयाने त्याला अत्याचार म्हणूनच वागवलं पाहिजे.

आपला कायदा इतका दुबळा नव्हता. मालकाने वर्गणी बुडवली तर ईएसआय महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, ही सोय ईएसआय कायद्याच्या ६८ व्या कलमात होती. उपचार चालू असताना कामगाराला कामावरून काढायला ७३ व्या कलमाने बंदी होती. ईएसआयच्या दवाखान्यातल्या हलगर्जीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं.

ईएसआयबाहेरच्या कामगारांसाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावर आला. त्याच्याही कितीतरी आधी, डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात मालकाने सांगितलं होतं की तो आमचा कामगार नव्हता, फुटकळ कंत्राटदार होता, आणि चूकही त्याचीच होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिंघल यांच्या निकालपत्राने या सबबी खोट्या ठरवल्या, भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते असं ठरवलं आणि व्याजासकट ५० टक्के दंड कायम केला. तो निकाल डिसेंबर १९७५ चा. सबबी मात्र आजही जशाच्या तशा ऐकू येतात.

कारण दंड भरते कंपनी. सही रोखणारा माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. भरपाई थकवल्याबद्दलचा ५० टक्क्यांपर्यंतचा दंड तिच्यातही आहे, पण हा माणूस अजून मोकळाच आहे. म्हणून मागण्या तीन. उपचार आधी, वाद नंतर. नोंदणी कोणाची राहिली याचा हिशेब मालक आणि महामंडळाने आपसात करावा. उपचार नाकारायचे असतील तर त्याच दिवशी, लेखी, कारणासह आणि नाकारणाऱ्याच्या नावानिशी. आणि डॉक्टरचा लेखी सल्ला हातात असताना ज्याने जाणूनबुजून अडवलं, त्याने भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी.

तिसऱ्या मागणीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होईल. व्हायलाच हवा. आपलं नाव कागदावर येणार हे कळलं की रखडलेल्या सह्या आपोआप होऊ लागतात.