हळू आवाजातलं कॉलेज

कुपर्टिनो, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यातला मराठी माणूस घराची किंमत मोठ्याने सांगतो. मुलगा बर्कलीला असेल तर तेही न विचारता सांगतो. पण मुलगा डी अँझा या कम्युनिटी कॉलेजला असेल, तर आवाज खाली येतो. "सध्या डी अँझाला आहे. म्हणजे, तात्पुरता हो!"

तात्पुरता तर सगळेच असतात. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणं ही काही मागच्या दाराची घुसखोरी नव्हे. कॅलिफोर्नियाने 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच हा रस्ता आखून ठेवला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला शाळेतली वरची साडेबारा टक्के मुलं, स्टेट कॉलेजांना वरची एकतृतीयांश, उरलेल्यांना ज्युनियर कॉलेजं आणि तिथून वर चढायची सोय. आज अशी 116 कॉलेजं आहेत.

आता हिशेब. राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला 46 डॉलर, म्हणजे 60 युनिटचे 2,760. विद्यापीठाची एका वर्षाची नुसती फी पंधरा हजारांच्या घरात. गॅलनमागे चार आणे वाचवायला कॉस्टकोच्या पेट्रोलरांगेत वीस मिनिटं उभा राहणारा बाप इथे मात्र अचानक दिलदार होतो.

लाज वाटायचीच असेल तर ती व्यवस्थेला वाटायला हवी. जिना बांधला खरा, पण दर मजल्यावर पायऱ्यांची उंची वेगळी. आपल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या कँपसला चालतो, हे 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर शोधत बसायचं. एकाला चाललेलं कॅल्क्युलस दुसऱ्याला चालेलच असं नाही. तोच विषय, पण क्रमांक कॉलेजागणिक निराळे. सगळीकडे एकच क्रमांक असावा, हे सुचून कायदा व्हायला 2021 उजाडलं! प्रवेशाची हमीही आहे, पण पदवीच्या नऊपैकी सहाच कँपसवर, आणि त्यातही काही विषय वगळून. उरलेले तीन कोणते? बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो. म्हणजे आईबापांना हवे असतात नेमके तेच.

गंमत अशी की हाच माणूस मूळचा सांगलीचा किंवा नाशिकचा. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनियरिंगला जाणारी मुलं त्याने वर्गात पाहिलेली असतात. 'डिप्लोमावाले' म्हणून त्यांना हिणवायचं आणि प्रॅक्टिकलला त्यांच्याच मागे उभं राहायचं, हेही त्याने केलेलं असतं.

दोन वर्षांनी मुलाला बर्कली मिळतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ही बातमी आरतीच्या आधी पोचते, डी अँझा मात्र गाळून. पदवीच्या कागदावर ट्रान्स्फरचा उल्लेख नसतो, याची चौकशी वडिलांनी पहिल्याच वर्षी करून ठेवलेली असते.