गुरुवारची सुट्टी आणि व्हॅन गॉगची भट्टी

जग रविवारी लोळतं, आम्ही भोसरी एमआयडीसीवाले गुरुवारी. तो विजेच्या देखभालीचा वार, म्हणून आमचीही देखभाल त्याच दिवशी. २०२३ च्या जानेवारीतल्या अशाच एका गुरुवारी बायकोनं मुंबईची तिकिटं काढली. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'व्हॅन गॉग ३६०' आलं होतं. चित्रं भिंतींवर, जमिनीवर, अंगावर. प्रोजेक्टरनं.

"प्रोजेक्टर मी रोजच बघतो," मी म्हणालो. "सोमवारी रिजेक्शनचे आकडे त्याच्यावरच दाखवतात."

"म्हणूनच चला," ती म्हणाली.

बरोबर मामा, म्हणजे माझे सासरे. त्यांची एकतीस वर्षं फौंड्रीत भट्टीवर गेली. मी क्वालिटीत. त्यांनी जन्मभर ओतलं, मी जन्मभर रिजेक्ट केलं. तरी मुलगी दिली, यावरून त्यांचा मोठेपणा कळावा.

सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला गाठायची म्हणून चाकणमधून पहाटे चारला निघालो. तळेगाव चौकात पहाट वगैरे काही नसतं, तिथे फक्त पाळ्या असतात. समोर नव्याकोऱ्या मोटारींनी भरलेला कंटेनर आडवा. चाकणमध्ये मोटार पळते ती कंटेनरच्या पाठीवर बसूनच, तीही आज उभी होती. गाडी मिळाली, जागा नाही. पासवाल्यांच्या बाकावर मामा चुकून टेकले, तर एकानं इतक्या अदबीनं उठवलं की ते लोणावळ्यापर्यंत त्याचे आभार मानत होते.

प्रदर्शनात आधी माहितीचे फलक. बायको मोठ्यानं वाचत होती आणि मामा शेरे मारत होते. दहा वर्षांत साडेआठशेहून जास्त तैलचित्रं, पण हयातीत जवळजवळ काहीच विकलं गेलं नाही. "प्रॉडक्शन झकास, डिस्पॅच नाही." १८८८ च्या डिसेंबरात स्वतःचा कान कापून घेतला. "सेफ्टीवाला कुठं मेला होता?" सगळा खर्च धाकट्या भावानं, थिओनं, चालवला. यावर मात्र मामा गप्प झाले. त्यांचे तीन धाकटे भाऊ आहेत.

मग आतला अंधारा हॉल. लोक जमिनीवर बसलेले, काही चक्क आडवे. भिंतीवर 'बटाटे खाणारे' आले, १८८५ चं चित्र: एक दिवा, त्याखाली दमलेली पाच माणसं आणि बटाटे. मामा पुढं सरकले. "हे रात्रपाळीचं कॅन्टीन हाय, पाव्हणं. त्या कडंच्या बाईला डाव्या हातानं वाढायची सवय असंल, बघा." मी बघितलं. तोपर्यंत चित्र गेलं होतं.

माझं लक्ष वेगळीकडे होतं. दोन प्रोजेक्टरची चित्रं भिंतीवर जिथं जुळतात तिथं सांधा असणारच. कास्टिंगवर असतो, इथं का नसावा? मी भिंतीला नाक लावून अख्खी बाजू तपासली. सांधा सापडला नाही. क्वालिटीच्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही. शेवटी मापाला हात घातला. 'तारांकित रात्र' मुळात ७४ बाय ९२ सेंटिमीटर, इथं ती मजलाभर. टॉलरन्सच्या पार बाहेर. मनातल्या मनात लाल टॅग लावला, तेव्हा कुठं बरं वाटलं.

ती तारांकित रात्र फिरू लागली. निळ्यात पिवळे भोवरे, गरगर. मामा उभेच राहिले. "रस ढवळतोय," ते पुटपुटले. मग डोळे बारीक करून, "पिवळा झालाय. चौदाशेला आला. आता ओता, न्हायतर थंड होईल." शेजारच्या कॉलेजच्या मुली त्यांच्याकडे समीक्षकाकडे बघावं तशा बघू लागल्या. छतावरून तारे निखळून मामांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होते, आणि प्रत्येक तारा पडला की मामा तळहातानं बाही झटकत होते. एकदा, दोनदा, मग नेमानं. ठिणगी तशी ठेवली तर शर्टाला भोक पडतं.

"बाबा, हलू नका, फोटो काढतेय!"

"तू काढ गं," म्हणाले, आणि झटकत राहिले.

परतीला कर्जतला गाडीच्या मागं इंजिनं लागेपर्यंत वडापाव झाला. मी ज्ञान पाजळलं. "मामा, पॅरिसमध्ये असंच एक दालन २०१८ ला सुरू झालं. 'अतेलिए दे ल्युमिएर'. इमारत मूळची १८३५ ची फौंड्री. भट्टी कधीच बंद पडली. आता तिथल्या भिंतींवर चित्रं दाखवतात."

मामांनी वडापाव खाली ठेवला. बंद पडलेल्या शेडी त्यांनी भोसरीतही पाहिल्यात, एकीत आता मंगल कार्यालय आहे. ते बराच वेळ विचार करत होते. गाडी घाटाला लागली.

"कामगारांची देणी दिली का?"

मी मोबाइल काढला. पहिला बोगदा आला, रेंज गेली. बोगदा संपल्यावर मामांनी तेच परत विचारलं.