अहो, डावीकडे!

मुलं कॉलेजात गेली, घर रिकामं झालं, की अमेरिकेतली मराठी जोडपी काहीतरी करून घेतात. कोणी कुत्रा पाळतं. कोणी मंडळाच्या ढोलताशा पथकात शिरून कंबरेचा पट्टा घेऊन बाहेर येतं. आणि अ‍ॅरिझोनाच्या बाजूला एक जमात अशी निपजते, की ती मोटरसायकल घेते, तिला अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या लावते आणि वाळवंटात तंबू ठोकायला निघते. नमुना म्हणून आमच्या फिनिक्समधलंच एक जोडपं घेऊ. नावं सांगत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला मलाही तोंड दाखवायचं असतं.

तो पुण्याचा. कॉलेजात असताना त्याच्याकडे यामाहा आरएक्स १०० होती. म्हणजे मित्राची होती. नीट खोदून विचारलं तर मित्राच्या भावाची होती, आणि याला एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत मागे बसायला मिळालं होतं. तीस-पस्तीस वर्षांत या आठवणीतला मागे बसलेला इसम हळूहळू पुढे सरकत गेला आणि आता हँडल त्याच्याच हातात आहे. अशा माणसाने पन्नाशीनंतर घ्यायची गाडी ठरलेली असते: बीएमडब्ल्यूची जीएस. टाकी भरली की वजन अडीचशे किलो. वर तीन पेट्या, दोन माणसं, आणि त्यातल्या एकाचा आत्मविश्वास. गाडी बघितली तर वाटावं, नुकतीच मंगोलियातून आली असावी. एरवी ती कोथिंबीर आणायला जाते.

ती नागपूरची. आपल्याला मोटरसायकलीत काडीचा रस नाही, हे ती सगळ्यांना सांगते आणि ते खरंही असावं. पण झायन राष्ट्रीय उद्यानातल्या वॉचमन कॅम्पग्राउंडच्या जागा सहा महिने आधी सकाळी खुल्या होतात आणि बघता बघता संपतात, तेव्हा दोन लॅपटॉप आणि एक फोन मांडून बसलेली ती असते. हा तेव्हा झोपलेला असतो. जिने दिवाळीच्या गर्दीत महाराष्ट्र एक्सप्रेसची नागपूर ते पुणे तिकिटं खिडकीवर उभं राहून काढली आहेत, तिला अमेरिकन सरकारच्या वेबसाइटने काय घाबरवायचं? मोटरसायकल त्याची आहे. प्रवास कोणाचा आहे, हे गावाबाहेर पडल्यावर कळतं.

हेल्मेटचं आधी सांगून टाकतो. अ‍ॅरिझोनात अठरा वर्षांवरच्या आणि युटात एकवीस वर्षांवरच्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. पुण्यात ज्याच्यासाठी लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, पत्रकार परिषदा घेतल्या, ते इथे आयतं मिळालेलं. आणि हा पुणेकर इथे गल्लीच्या टोकाला जायलाही हेल्मेट घालतो. सक्तीच नसेल तर विरोध तरी कशाला करायचा!

शिवाय हेल्मेटात इंटरकॉम आहे. हा त्याने हौसेने बसवून घेतला आणि आयुष्यातली सर्वांत मोठी तांत्रिक चूक केली. घरी तिचा आवाज दुसऱ्या खोलीतून यायचा, मिक्सर चालू असायचा, ऐकू आलं नाही म्हणायची सोय होती. आता तो दोन्ही कानांत येतो, मध्यात कुठेतरी मेंदूजवळ एकत्र होतो.

"अरे, पुढे डावीकडे आहे."

"माहितीये."

"अरे, डावीकडे."

"हो गं."

"अहो, डावीकडे!"

एरवी ती त्याला 'अरे' म्हणते. 'अहो' दोनच वेळा येतं: सासरची माणसं समोर असताना आणि वळण हुकल्यावर. नंतरचे बारा मैल इंटरकॉमवर काहीच येत नाही, आणि ते जास्त वाईट. बॅटरी संपल्याची थाप त्याने एकदा मारून पाहिली. तिने मागून हेल्मेटवर टकटक केली, आणि बॅटरी भरली.

सप्टेंबर संपत आला तरी फिनिक्सची दुपार भाजून काढते. यंदाच्या सहलीच्या पहिल्या दिवशी याने जॅकेटच्या सगळ्या चेन उघडल्या, वारा लागू दे म्हणून. हवा अंगाच्या तापमानाहून गरम असली की असा वारा थंडावा देत नाही, उलट शेकतो. पाणी प्यायचं, जॅकेट बंद ठेवायचं आणि आत काहीतरी ओलं घालायचं, हा इथला जाणत्या मोटरसायकलवाल्यांचा रिवाज. त्यासाठी पाण्यात बुडवून घालायचं एक खास जाकीट मिळतं आणि ते याने दुकानातलं सगळ्यांत महागडं घेतलं होतं. ती सुती दुपट्टा नळाखाली धरून, पिळून, जॅकेटच्या आत गळ्याभोवती गुंडाळून मोकळी झाली. मे महिन्यात नागपुरात कॉलेजला जाणाऱ्या मुलीला वाळवंटाची माहितीपत्रकं वाचावी लागत नाहीत. कांदाही ठेवला होता खिशात, पण तो संध्याकाळी पिठल्यात गेला.

ग्रँड कॅन्यनला पोचल्यावर तो भूगर्भशास्त्र सांगू लागतो. सांगू दे, चारशेचाळीस किलोमीटरांहून लांब आणि जवळजवळ मैलभर खोल खड्ड्यासमोर माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतंच. पण इथे तिची बाजू अचानक वर येते. या दरीतल्या सुळक्यांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी देवळांची नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास ही पद्धत पाडली, आणि पुढे राम, कृष्ण, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र सगळेच येऊन बसले. तळाच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे आणि त्याचं वय पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपास. तिने बूट काढून कठड्याशी हात जोडले आणि विचारलं, "याला प्रदक्षिणा केवढी पडेल?"

विनोदाने विचारलं होतं. त्याने गंभीरपणे उत्तर दिलं, की दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो, सरळ रेषेत जेमतेम दहा मैल, पण रस्त्याने दोनशे पंधरा. ती म्हणाली, "मग अर्धीच पुरे."

पुढे घड्याळाची भानगड. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. अ‍ॅरिझोनातलाच नवाहो लोकांचा प्रदेश करतो. त्या नवाहो प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, तो करत नाही. युटा करतं. म्हणजे एका दुपारच्या प्रवासात चार वाजतात, मग पाच होतात, मग पुन्हा चार. याचा फोन एक सांगतो, गाडीचा डिस्प्ले दुसरं, आणि हा रस्त्याच्या कडेला थांबून दोघांत समेट घडवत बसतो. तिने दोन्ही चारला चहा केला.

रस्त्यात समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो. ही या पंथाची रामराम करण्याची रीत. सुरुवातीला तिला वाटलं, पुढे दोन पोलीस आहेत. आता कोणी हार्लेवाला बोटं न दाखवता गेला तर हा पुढचे पाच मैल खट्टू असतो, आणि इंटरकॉमवर तिला समजूत काढावी लागते: "त्याचा हात क्लचवर असेल रे."

ब्राइस कॅन्यन ही खरं तर दरी नव्हे, पठाराच्या कडेला पडलेल्या खळग्यांत उभी राहिलेली सुळक्यांची दाटी आहे. हे वाक्य तो प्रत्येक फलकापाशी म्हणतो. एबेनेझर ब्राइस नावाचा मॉर्मन वसाहतवाला १८७०च्या दशकात इथे राहायला आला. त्याला या सौंदर्याबद्दल विचारलं तर म्हणे तो एवढंच म्हणाला, की गाय हरवायला ही फार वाईट जागा आहे. मला हा माणूस आवडतो. आठ हजार फुटांवर रात्री भेगांतलं पाणी गोठतं, फुगतं, दिवसा वितळतं, आणि असं वर्षानुवर्षं होऊन खडक फुटतो, हे आमचा पुणेकर शेकोटीपाशी शेजाऱ्यांनाही ऐकवून आला. मग पहाटे तीनला, तंबूत, हवा गेलेल्या गादीवरून आवाज आला:

"जागा आहेस?"

"हं."

"गोठून खडक फुटतात म्हणालास ना?"

"हं."

"मग गुडघ्यांचं काय होत असेल रे?"

सकाळी तो दात घासायला गेला तेवढ्यात एका डोमकावळ्याने टाकीवरच्या पिशवीची चेन चोचीने धरून, न घाबरता, अर्धी उघडली. या भागातले डोमकावळे त्यात पटाईत. आतला चकलीचा पुडा बाहेर ओढला, एक चकली निवडली आणि पाईनच्या फांदीवर नेली. हा ब्रश हातात घेऊन ओरडत आला, कारण राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांना खायला घालणं गुन्हा आहे आणि रेंजर बघत असेल तर दंड. ती स्टोव्हपाशीच बसून होती. "असू दे," ती म्हणाली, "भाद्रपद आहे. तुझ्या आजोबांना चकली आवडायचीच."

या जातीच्या पुरुषाकडे एक पुस्तक असतं: एडवर्ड अ‍ॅबीचं 'डेझर्ट सॉलिटेअर'. अ‍ॅबी १९५६-५७ मध्ये युटातल्या आर्चेसला हंगामी रेंजर होता, आणि १९६८ साली आलेल्या या पुस्तकात त्याने राष्ट्रीय उद्यानांत मोटारी आणूच नका, चाला, सायकली चालवा, असा त्रागा केला आहे. ते पुस्तक अडीचशे किलोच्या यंत्रावर लादून आर्चेसला नेण्यात काही विसंगती आहे, असं मी सुचवून पाहिलं. "त्याचा राग मोटारींवर होता," तो म्हणाला. पान चाळीसच्या पुढे खूण गेलेली मी पाहिली नाही.

कॅपिटल रीफला मॉर्मन लोकांनी लावलेल्या फळबागा अजून आहेत, हंगामात झाडाखाली उभं राहून फळं खाता येतात. त्या बागांशेजारच्या कॅम्पग्राउंडवर एक अमेरिकन जोडपं उतरलं होतं, सत्तरीला टेकलेलं. दोघांच्या दोन मोटरसायकली. त्यांनी वजन वाचवायला टूथब्रशच्या दांड्या कापल्या होत्या. आमच्या मंडळींनी कुकर काढला. पहिल्या शिट्टीला आजोबा खुर्चीतून उठले, दुसऱ्या शिट्टीला आजूबाजूचे दोन तंबू उघडले, आणि तिसरी झाल्यावर लोक वाट्या घेऊन आले, म्हटलं तरी चालेल. मुगाची खिचडी, वर मेतकूट, तूप. याने आणलेली चौदा डॉलरची गरम पाणी ओतायची पाकिटं पेटीच्या तळाशी होती; ती आजतागायत तिथेच आहेत. जेवताना त्या अमेरिकन बाईने सहज विचारलं, "तू मागे का बसतेस?" हिने हसून काहीतरी सांगितलं. पण नंतर भांडी घासताना ती बराच वेळ त्या बाईच्या मोटरसायकलीकडे बघत होती, आणि सीट किती उंचावर आहे, हे तिने जाता जाता मांडीला लावून पाहिलं.

मोआब गावाच्या आसपास रानात उतरायचं तर आणखी एक नियम पाळावा लागतो. बऱ्याच ठिकाणी परसाकडचं सगळं पिशवीत बांधून बरोबर न्यावं लागतं, खड्डा खणून चालत नाही. कोरड्या मातीत ते लवकर कुजत नाही. टमरेलाच्या पिढीला ही कल्पनाच पचायला जड. पिशव्या मिळतात उत्तम, पावडर घातलेल्या, दुहेरी. प्रश्न एवढाच, की वापरल्यावर कुठल्या पेटीत? डाव्या पेटीत स्वयंपाकघर, उजवीत कपडे, मागच्या पेटीला ती टेकून बसते. यावर जो करार झाला त्याचा तपशील मला कोणी सांगितला नाही. मोआबपर्यंत गाडीच्या पुढच्या बाजूला, दिव्याच्या खाली, काहीतरी घट्ट बांधलेलं होतं एवढं फोटोत दिसतं.

तिथेच वाळूत गाडी पडली. पडताना वेग नव्हताच, उभी करतानाच साइड स्टँड रेतीत रुतला आणि सगळं हळूहळू, सभ्यपणे, आडवं झालं. हा पाठ सीटला लावून, गुडघे वाकवून गाडी उचलण्याचं शास्त्र सांगू लागला. तिने दुसरी बाजू धरली, "हं," म्हणाली, आणि गाडी उभी. मग लाडवांच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढून स्टँडखाली सरकवलं. याच कामासाठी याने प्लॅस्टिकची खास चकती विकत घेतली होती. ती घरी गॅरेजमध्ये आहे.

मोकी डगवे हा कडा उतरणारा कच्चा रस्ता. युरेनियमचं खनिज वाहायला १९५०च्या दशकात काढलेला, तीन मैल, कठडा नाही, अकराशे फूट खाली. पहिल्या वळणानंतर कानातला आवाज थांबला. याचा धीर सुटला.

"आहेस ना गं?"

"रामरक्षा म्हणतेय. मध्ये बोलू नकोस."

मॉन्युमेंट व्हॅलीत मात्र खोऱ्यातल्या कच्च्या फेरीवर मोटरसायकलला बंदी आहे. नवाहो वाटाड्याच्या उघड्या गाडीतून जायचं. हा गेटवर हिरमुसला. ती पुढच्या सीटवर चढून बसली. पाठीला टेकू, समोर काच, आणि रस्ता सांगण्याची जबाबदारी दुसऱ्याची. एवढ्या दिवसांत प्रथमच तिला समोरचं दिसत होतं; नाहीतर सगळी नैर्ऋत्य अमेरिका तिने एका हेल्मेटच्या डावी-उजवीकडून पाहिली होती.

दिवाळीला मंडळींनी पडद्यावर फोटो दाखवले. तो सांगत होता, की मोकी डगवेवर आपण गाडी कशी काबूत ठेवली. मागून दुरुस्त्या येत होत्या: अकराशे, बाराशे नाही, गाडी पडली, "थोडी कलंडली" नाही. शेवटी तिने जाहीर केलं, की जानेवारीत ती मोटरसायकलच्या नवशिक्यांच्या वर्गाला नाव घालतेय आणि सीट फार उंच नसलेली गाडीही बघून ठेवली आहे.

टाळ्या झाल्या. तो एकदम गंभीर झाला.

"तू तुझी गाडी घेतलीस तर मला रस्ता कोण सांगणार?"

"मीच की. मी पुढे असेन. कुकर तेवढा तुझ्याकडे ठेव."