सर, पंधरा तारखेला मुदत संपते

पेठ तालुक्यातल्या मुलामुलींना एक गोष्ट कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी, ती आज सांगतो. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दुसऱ्यांदा विचारणं हा उद्धटपणा नाही. तिसऱ्यांदा विचारणं हाही नाही.

दिवाळी झाली की करंजाळी, जोगमोडी या बाजूची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. नेमक्या याच दिवसांत परदेशी विद्यापीठांच्या तारखा जवळ येतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपते. तिथे बहुधा तीन पत्रं लागतात, ब्रिटनमध्ये दोनांवर भागतं. घरातली पहिली पदवीधर मुलगी गुणपत्रकं, निबंध, इंग्रजीची परीक्षा असं सगळं एकटीने निभावते. अर्ज अडतो तो दुसऱ्याने पाठवायच्या पत्रावर. मग ती गप्प बसते. का? तर ‘सर रागावतील’.

ही भीती तिने घरून आणलेली नाही, शाळेने शिकवली आहे. आश्रमशाळेपासून पदवीपर्यंत ज्या मुलांना ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का’ हेच ऐकावं लागलं, ती तारीख उलटेपर्यंत वाट बघत राहतात. शहरातल्या प्राध्यापकाच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही. तो सरांना फोन करतो, संध्याकाळी घरी जाऊन येतो. पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, मधे कोटंबीचा घाट आणि सावळघाट. नुसतं ‘भेटायला ये’ म्हणण्यात त्या मुलीचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं, हे बोलावणाऱ्याच्या गावीही नसतं.

पत्र मागायची तिकडची पद्धत एकदा नीट बघा. अर्जात विद्यार्थिनी सरांचं नाव आणि ईमेल भरते. विद्यापीठ थेट सरांना दुवा पाठवतं. बरेचदा तो स्पॅममध्ये जाऊन पडतो. सरांनी काय लिहिलं ते तिने पाहायचं नसतं. पत्र पोहोचलं की नाही, एवढंच तिला दिसतं. आणि शेजारीच अनेक ठिकाणी एक बटण असतं: आठवण करून द्या. प्राध्यापक विसरतात हे त्या विद्यापीठांनी गृहीत धरलंय आणि विद्यार्थ्यांसाठी तशी सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे मात्र आठवण करणाऱ्याच्या कपाळावर ‘आगाऊ’ असा शिक्का बसतो.

म्हणून निरोप असा धाडा: ‘नमस्कार सर. अमुक विद्यापीठाची मुदत १५ डिसेंबरला संपते. त्यांचा ईमेल कदाचित स्पॅममध्ये असेल. गुणपत्रक आणि प्रकल्पाचा अहवाल पुन्हा जोडते आहे. या आठवड्यात जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे मला दुसऱ्या मॅडमना विचारता येईल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नकार मिळाला तर दुसरी वाट धरता येते. नुसतं ‘बघू’ म्हणून ठेवलं की वर्षच जातं.

आता सरांशी बोलतो. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे बंद करा. बावीस वर्षांच्या पोरीने स्वतःची स्तुती तुमच्या नावावर लिहायची, ही तिला केलेली मदत नव्हे. आणि लिहायला बसाल तेव्हा चारित्र्याचा दाखला लिहू नका. ‘मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक’ हे तीन शब्द वाचून तिकडच्या निवड समितीला काही कळत नाही. तिने प्रयोगशाळेत काय केलं, कोणता प्रश्न विचारून वर्गाला थांबवलं, कुठे अडली आणि त्यातून कशी सुटली, ते लिहा. आज्ञाधारकपणा तिकडे कुणी मागितलेला नाही.

शिफारशीचं मोल महाराष्ट्राला नवं नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शाळामास्तर. तरुण भीमरावांना ते सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि त्यांचं शिक्षण पुढे चालू राहिलं. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियात पोहोचले. तिथले प्राध्यापक सेलिग्मन यांनी १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये आंबेडकरांना परतावं लागलं, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि एवढ्या वर्षांत सेलिग्मन यांच्याशी पत्रव्यवहार तुटला नाही. १९२५ मध्ये आंबेडकरांचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, त्यालाही प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. पत्र बोटीने जाण्याच्या काळातल्या या गोष्टी आहेत.

सगळा दोष प्राध्यापकांचा नाही, हेही म्हटलंच पाहिजे. राज्यभर वरिष्ठ महाविद्यालयांतल्या जागा रिकाम्या ठेवून सरकारने शिकवणं तासिका तत्त्वावर सोपवलं आहे. मुलांना नावानिशी ओळखतात ते हेच शिक्षक. पण त्यांच्याकडे बहुधा महाविद्यालयाचा ईमेल नसतो, लेटरहेड नसतं, पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल याची खात्री नसते. परदेशी विद्यापीठं तर बहुधा अधिकृत ईमेलच मागतात. मग पत्र जातं विभागप्रमुखांच्या नावाने, आणि त्यांना त्या मुलीचा चेहराही आठवत नसतो. संस्थांनी तासिकेवरच्या शिक्षकांना निदान अधिकृत ईमेल द्यावा. त्याला फारसा खर्च येत नाही.

एका पत्रावर किती अवलंबून असतं ते सांगतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे. देशभरातून वर्षाला २० जणांना. राज्याची वेगळी योजना आहे आणि आदिवासी विकास आयुक्तालय तर आपल्या नाशिकमध्येच आहे. पण परदेशातला प्रवेश हाती नसेल तर शिष्यवृत्तीचा उपयोग काय? आणि पत्राशिवाय तो प्रवेश कुठून येणार?

आता महाविद्यालयांचीच गोष्ट घ्या. नॅकच्या मूल्यांकनात त्यांना विद्यार्थ्यांच्या पुढच्या शिक्षणाची नोंद द्यावी लागते. मूल्यांकनाची वेळ झाली की महाविद्यालयातून माजी विद्यार्थ्यांना फोन जातात: ‘तुझ्या प्रवेशाचा पुरावा पाठव, फाइलला लावायचाय, आजच पाठव.’ एकदा, दोनदा, चारदा फोन येतात आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही, काम महाविद्यालयाचं आहे. त्याच मुलीने पत्रासाठी चारदा फोन केला, तर तो तेवढ्याच हक्काचा समजून उचला.