टाळांची पेटी आणि तात्यांचा ऑटो

निरगुडसरला कुणाच्या दारात नवं यंत्र उतरलं की त्याला विजेच्या आधी सल्ले मिळतात. ट्रॅक्टरला मिळतात, कडबाकुट्टीला मिळतात, दूध काढायच्या मशीनला तर म्हशीचं मत धरून मिळतात. त्यामुळे माझ्या पडवीत प्लायवूडचं टेबल उभं राहिलं आणि त्याच्या मधल्या भोकातून सहा मिलिमीटरचं बिट डोकावू लागलं, तेव्हा आपल्याला एकांत मिळेल अशी आशा मी धरली नव्हती.

निमित्त भजनी मंडळाचं. मंडळाचे टाळ ज्या पेटीत असतात ती भरल्यावर उचलायला दोघं लागतात, आणि दोघांपैकी एकाची कंबर नेमकी त्याच दिवशी धरलेली असते. जुन्या पेटीचे कोपरे नुसत्या खिळ्यांवर होते. सप्ताह उठेपर्यंत एक तरी कोपरा आ वासायचा. मंडळाचे आबा म्हणाले, "अशी पेटी करा, की एक वेळ टाळ फुटंल पण कोपरा फुटायचा नाही."

खिळ्यांचा दोष नाही. फळीच्या टोकात खिळा धरत नाही आणि टोकाला लावलेलं फेविकॉल लाकूड पिऊन टाकतं. फळीच्या बाजूंना मात्र ते घट्ट धरतं. म्हणून दोन्ही फळ्यांच्या टोकांना सारख्या मापाचे दाते पाडायचे आणि एकीचे दाते दुसरीच्या खाचांत बसवायचे. प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजू धरतात. याला बॉक्स जॉइंट म्हणतात. मंचरला फ्लॅटचं फर्निचर करणारी पोरं फिंगर जॉइंट म्हणतात. करत मात्र नाहीत, कारण त्यांना फ्लॅट वेळेत द्यायचा असतो.

त्याच पोरांकडे सनमायकाची कड मारायचा ट्रिमर असतो. मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे. तोच मी टेबलाखाली उलटा टांगला. आता यात मेख अशी, की यंत्र हातात असतं तेव्हा दोन्ही हात त्याला धरण्यात गुंतलेले असतात. टेबलाखाली गेलं की हात मोकळे होतात आणि लाकडाबरोबर बिटाकडे निघतात. बिटाला सागवान आणि माणूस यांतला फरक कळत नाही. माणूस थोडा मऊ लागतो, एवढंच.

म्हणून गाडा. टेबलाच्या खोबणीत सरकणारी पट्टी, तिच्यावर काटकोनात उभी केलेली फळी. इंग्रजीत जिग म्हणत असतील. पण बैलगाडा शर्यतींवरची २०१४ची बंदी डिसेंबर २०२१मध्ये उठल्यापासून आमच्या तालुक्यात सरळ रेषेत पुढे जाणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे सेकंदांच्या हिशेबानेच पाहिलं जातं. मी पहिली खाच पाडायला घेतली आणि एका पोराने मोबाईलवर बारीची वेळ लावली. बारा सेकंद उलटून गेले तरी गाडा निम्म्यातच. पोरगं हिरमुसून निघून गेलं. बरंच झालं. सहा मिलिमीटरच्या बिटाने बारा मिलिमीटर सागवान खोल कापायचं तर गाडा हळूच हाकावा लागतो. शर्यतीच्या घाटात फळीफोड गाड्याला बक्षीस असतं. माझ्या टेबलावर फळी फुटली तर आबांची बोलणी.

एक नियम मात्र मी घाटातूनच उचलला. गाडे पळत असताना त्यांच्या वाटेत कुणी थांबत नाही, तसंच बिटाच्या वाटेत बोट थांबवायचं नाही. बिट आधी कामाची फळी कापतं, मग गाड्याची उभी फळी कापतं आणि तिच्या पाठीमागून बाहेर येतं. आपले अंगठे नेमके तिथे असतात. म्हणून पाठीमागे एक जाड ठोकळा चिकटवला. बिट आलंच तर त्या ठोकळ्याच्या पोटात येईल. टेबलावर एक अडणी ठोकली, म्हणजे गाडा त्यापुढे जातच नाही. आणि कामाची फळी हाताने न दाबता शिकंज्याने आवळली. उभ्या फळीचा आधार असला की कापाच्या शेवटी लाकडाच्या ढलप्याही उडत नाहीत.

बातमी कळून सुतारमामा आले. मामांनी आयुष्यभर बाभळीच्या बैलगाड्या बांधल्या. त्यांनी गाड्याला गुण्या लावला. गुण्या बिनचूक बसला, तसे मामा नाराज झाले.

"ही खुंटी कशाला?"

उभ्या फळीत बिटाच्या शेजारी सहा मिलिमीटर रुंदीची खुंटी असते. खुंटी आणि बिट यांच्यामधली जागाही सहा मिलिमीटरच. पहिली खाच पाडली की ती उचलून खुंटीवर बसवायची, मग दुसरी पाडायची, ती खुंटीवर, मग तिसरी. माप एकदाच घ्यायचं, पुढचं खुंटी बघते. मधली जागा केसभर जास्त झाली तर दाते जाड होतात आणि हातोडीशिवाय आत जात नाहीत. केसभर कमी झाली तर सांधा हलतो. आणि खुंटीपाशी चिमूटभर भुसा अडकला, की तिथून पुढचे सगळे दाते सरकतात. त्यामुळे दर खाचेला यंत्र बंद करायचं, बिट थांबू द्यायचं, मग ब्रशने झाडायचं. बोटाने किंवा फुंकरीने नाही. फुंकर मारायला माणूस तोंड पुढे नेतो, आणि बटण बंद केल्यावरही बिट काही सेकंद फिरत असतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "किती दिस लागले हे बनवायला?"

"आठवडा."

"ह्यो सांधा म्या करवत आन् पटाशीनं दुपारपातुर केला आसता," मामा म्हणाले आणि चहाला बसले. ते खरं असल्यामुळे मी साखर जास्त घातली.

आता तात्या. तात्या शेजारचे. उपरणं गळ्यात, मनगटात गंडेदोरे, बोलताना हात वारा घालणारे. यंत्राजवळ आणू नयेत अशा सगळ्या गोष्टी त्यांच्या एकट्याच्या अंगावर होत्या. त्यांना मी ओट्यावरच बसवलं. (हातमोजे घालून येऊ का, असंही त्यांनी विचारलं. हातमोजा सर्वांत वाईट. त्याचा एक धागा गुंतला की मागून हात जातो.)

मी कापत असताना वीज गेली. मी आधी बटण बंद केलं, मग प्लग उपसला. तात्यांना हे पटेना.

"प्लग कशाला काढता? आपसूक येईल की लाइट. तुम्ही आसं करा, याला ऑटो बसवा."

इथे मला तात्यांची बाजू मांडली पाहिजे. डिंभ्याच्या कालव्याने आमच्याकडे ऊस आणला आणि उसाने बिबट्याला बिऱ्हाड दिलं. थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री एक वाजता उसाच्या कडेने विहिरीवर जाऊन हिरवं बटण दाबायचं म्हणजे बिबट्याला वाढदिवसाचं आमंत्रण. म्हणून घरोघरी स्टार्टरला ऑटो स्विच बसलेले आहेत. वीज आली की मोटार आपोआप चालू, मालक गोधडीत. माणसाशिवाय यंत्र सुरू होणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी प्रगती आहे, आणि तिने कित्येकांचा रात्रीचा जीव वाचवलेला आहे.

आणि माझ्या टेबलावर नेमकी तीच प्रगती बोटं घेऊन जाणारी. वीज गेली, बटण चालूच राहिलं, माणूस बिट बदलायला वाकला, आणि वीज आली. बिट धरणारं कोलेट सैल, पाना आत, ३०,००० फेरे.

उपाय तात्यांच्याच विहिरीवर होता. पंपाच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की तिचं चुंबक सुटतं, संपर्क तुटतो, आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याखेरीज काही हलत नाही. ऑटो त्या कॉइलची शिस्त मोडण्यासाठीच असतो. मोटारी भरणाऱ्याकडून मी सिंगल फेजचा लहान स्टार्टर आणला आणि टेबलाच्या पायावर गुडघ्याजवळ बसवला. लाल बटण गुडघ्याने दाबता येतं.

"ऑटो न घेता नुसता स्टार्टर?" तात्या हळहळले. "बिनशेपटीची म्हैस घेतली तुम्ही."

दाते बारा मिलिमीटरपेक्षा अर्धा मिलिमीटर खोल पाडले होते. जोडल्यावर बाहेर राहिलेली टोकं मामांनी रंध्याने साफ केली, कारण तेवढं काम त्यांनी माझ्या यंत्राला करू दिलं नाही. पेटी देवळात पोचली. आबांनी तिच्यावर बसून पाहिलं, नंतर मृदंगवाल्याला बसवून पाहिलं. कोपरे जागचे हलले नाहीत.

ज्यांच्या घरी असं टेबल असेल, किंवा कटर, किंवा साधी कडबाकुट्टी, त्यांनी वायरमनला गाठून कॉइलचा स्टार्टर बसवून घ्यावा. खर्च फार नाही. ऑटो मात्र विहिरीवरच राहू द्या, आणि तात्या ओट्यावर.