लॅपटॉपधारी ओबानकर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबान गावात तीन प्रकारची माणसं आढळतात. पहिले ओबानकर, ते आठेक हजार आहेत. दुसरे पर्यटक, ते ग्लासगोहून तीन तासांच्या आगगाडीनं येतात, धक्क्यावर उभ्याउभ्या शिंपले खातात, मल बेटाची बोट धरतात आणि दिसेनासे होतात. हे दोघेही समजायला सोपे. अवघड आहे तो तिसरा. हा जात नाही आणि धड राहतही नाही. नोकरी एका देशात, बँकेचं खातं दुसऱ्या देशात, थंडीचे कपडे तिसऱ्या देशात आणि चार्जर कायम आधीच्या मुक्कामी. "आपण कुठले?" असं विचारलं तर तो म्हणतो, "मी डिजिटल नोमॅड." गावातल्या आज्यांना वाटतं, बिचाऱ्याला घर मिळालेलं दिसत नाही.

हा साधारण मे महिन्यात उतरतो. मे महिन्यातलं ओबान फसवं असतं. आभाळ निळं, समुद्र निळा, रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन. "स्कॉटलंडच्या हवेची लोकांनी उगाच बदनामी केलीय," असं तो पहिल्याच रविवारी जाहीर करतो. गावकरी मान डोलावतात. पाहुण्याचा भ्रम आपण होऊन मोडू नये एवढी सभ्यता त्यांच्यात आहे. शिवाय ते काम जूनमध्ये मिज करणारच असतात. मिज म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी चावरी माशी. वारा पडला आणि हवा दमट झाली की ती हजारोंच्या संख्येनं हजर होते. मग आपल्या भटक्याला ओबानचं हवामानशास्त्र कळू लागतं. पाऊस असला की दुकानदार म्हणतो, "वारा तरी नाही." वारा सुटला की म्हणतो, "मिज तरी नाहीत." मिज आल्या की म्हणतो, "पाऊस तरी नाही." तिन्ही नसलेला दिवस चुकून उजाडलाच, तर याची भरपाई आता कधी करावी लागणार या काळजीनं सगळं गाव धास्तावतं.

भटक्याला गावात मिसळून जायची फार हौस. म्हणून तो ट्वीडची टोपी आणि मेणकापडाचं महागडं जाकीट घेतो. गावकरी सुपरमार्केटातल्या रेनकोटात हिंडत असल्यामुळे तो लांबूनच ओळखू येतो. अमेरिकेतून आलेला असेल तर प्रकरण किल्टपर्यंत जातं. त्याच्या पणजीच्या माहेरी कुणीतरी मॅकडूगल होतं, असा त्याला इंटरनेटवर शोध लागलेला असतो. मग तो मॅकडूगल कुळाच्या डनॉली किल्ल्याच्या पडक्या भिंतीला हात लावून डोळे मिटतो. ओबानकर किल्ट नेसतो तो लग्नाकार्याला. हा मंगळवारी दूध आणायला नेसतो, आणि ओबानच्या धक्क्यावरचा वारा त्याला पूर्वजांच्या हालअपेष्टांची खरीखुरी कल्पना देतो.

यात आपल्या पुण्याचाही एक वाण आहे. त्याला पूर्वज सापडत नाहीत, पण किल्ल्यांच्या बाबतीत तो कुणाला हार जात नाही. डनॉली पाहून त्याचा पहिला प्रश्न, "पाण्याचं टाकं कुठाय?" दुसरा, "चोरदरवाजा?" दोन्हींना समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे किल्ला मनातून उतरतो. गावामागच्या टेकडीवर मॅकेग टॉवर आहे. रोमच्या कलोझियमची आठवण करून देणाऱ्या त्या दगडी कड्यापर्यंत चढून गेल्यावर समोर अख्खा उपसागर, केरेरा बेट आणि मागे मलचे डोंगर दिसतात. मोबाइलमध्ये ते सगळं भरून झालं की पुणेकर इकडंतिकडं बघतो आणि हळूच खेद व्यक्त करतो, "वर एक पिठलं-भाकरीची सोय नाही हो!"

तरी बिचाऱ्याचे हाल मोठे. पुण्याच्या ऑफिसची सकाळी दहाची मीटिंग म्हणजे इथले साडेपाच. खिडकीबाहेर सीगल ओरडतात, तिकडून साहेब विचारतात, "कोण रडतंय रे?" कॅलिफोर्नियाचं ऑफिस असलेल्याचं उलटं. त्याचा दिवस इथं संध्याकाळी पाचला सुरू होतो, म्हणून तो दिवसभर 'संथ जीवन' जगतो आणि रात्रभर त्याची किंमत मोजतो. 'माझ्या वेळेचा मीच मालक' हे वाक्य दोघंही म्हणतात. एक जांभई देण्याआधी, एक दिल्यानंतर.

त्याचं खरं कार्यक्षेत्र कॅफे. खिडकीजवळचं, प्लगच्या बाजूचं टेबल तो सकाळी धरतो आणि एका फ्लॅट व्हाइटवर जेवणाची वेळ पार करतो. कपातला शेवटचा घोट तो संपवत नाही, कारण तो भाडेकरार आहे. मालकीणबाई दोनदा टेबल पुसून जातात. तिसऱ्यांदा त्या वायफाय बंद करतात. तोही काही कमी नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो.

तो इथं आलेला असतो एकांतासाठी. लंडनमध्ये शेजारी कोण राहतो हे त्याला माहीत नव्हतं, इथं आपण कोण हे कुणाला माहीत नसेल असा त्याचा हिशेब. पण छोट्या गावाचं गणित निराळं. आठवड्याभरात सगळ्यांना कळलेलं असतं की हा ओटचं दूध पितो, रात्री दोनपर्यंत दिवा जाळतो आणि काचेच्या बाटल्या चुकीच्या डब्यात टाकतो. पोस्टमन त्याला सांगतो, "पार्सल शेजारच्या बाईंकडं ठेवलंय." शेजारच्या बाई सांगतात, "खोकला अजून गेला नाही वाटतं." एकांत म्हणून तो पबच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि तासाभरात त्याच्या घटस्फोटावर चार जणांची मतं तयार असतात. कुणी 'केली'ला, म्हणजे इथल्या सामूहिक नाचाला, ओढून नेलं तर 'स्ट्रिप द विलो' या नाचात सत्तरीच्या आजी त्याला अशा गरगर फिरवतात की दुसऱ्या दिवशीची मीटिंग तो कॅमेरा बंद ठेवून करतो.

आता सरकारदरबारी हा कोण? ब्रिटनमध्ये नोमॅडसाठी वेगळा व्हिसा नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्यांना आपल्या देशातलं काम इथं बसून करायची मुभा स्पष्टपणे मिळाली, पण ते काम भेटीचा मुख्य हेतू असता कामा नये. म्हणजे कागदोपत्री हा हिंडायला आलेला असतो आणि सवडीनं काम करतो. प्रत्यक्षात उलटं असलं तरी त्याच्या साहेबालाही हीच शंका असते, त्यामुळे सरकार आणि कंपनी यांचं एकमत होतं.

ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागं जातात. पुणेकराची मीटिंग साडेचारवर येते. डिसेंबरात पावणेचारला सूर्य बुडतो आणि वादळानं बोटी रद्द होतात. त्याच्या कितीतरी आधी आपल्या भटक्याला पोर्तुगालची हाक ऐकू आलेली असते. ट्वीडची टोपी धर्मादाय दुकानात देऊन तो निघतो आणि लिस्बनच्या उन्हात बसून 'ओबाननं मला थांबायला शिकवलं' असा लेख लिहितो.

गावाला त्याचा राग नाही. दु:ख आहे ते घरांचं. आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलनं जून २०२३ मध्ये घरटंचाईची आणीबाणी जाहीर केली. अख्ख्या स्कॉटलंडमध्ये पहिलीच. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर द्यायचं तर आता परवाना लागतो. पण ज्या खिडकीतून भटक्या सूर्यास्ताचे फोटो टाकतो, तिथं राहू इच्छिणारी नर्स, शिक्षक किंवा बोटीवरचा खलाशी भाड्याचा आकडा ऐकूनच परत फिरतो. भटक्या पगार लंडनचा किंवा कॅलिफोर्नियाचा आणतो. त्यांचा पगार ओबानचा असतो.

हौस गावाच्या कामीही येऊ शकते. टेकडीवरचा तो टॉवर बांधणारा जॉन स्टुअर्ट मॅकेग हा बँकर, आणि तोही हौशीच. आत आपले आणि आपल्या घरच्यांचे पुतळे बसवायचा त्याचा बेत होता. १८९७ साली काम सुरू झालं, १९०२ साली तो वारला आणि पुतळे राहिलेच. आजच्या भाषेत सांगायचं तर तोही सेल्फीच काढत होता, फक्त ग्रॅनाइटमध्ये. पण त्यानं ते काम काढलं ते गावातल्या पाथरवटांच्या हाताला हिवाळ्यात काम मिळावं म्हणून. हौस त्याची, पण चूल पाथरवटांची पेटली. एवढ्या एका गोष्टीवर ओबाननं त्याला आपलं म्हटलं.

तेव्हा लॅपटॉप पाठीला लावून कुणी ओबानला निघत असेल, तर एक विनंती. जानेवारीत जा. तेव्हा पर्यटक नसतात, मिज नसतात, पर्यटकांसाठीची घरं रिकामी असतात आणि खिडकीजवळचं टेबल हक्कानं मिळतं. त्या दिवसांत कॅफेच्या मालकीणबाई वायफाय बंद करत नाहीत. फक्त दुसरी कॉफी मागवा.